निकाळजे टीचरांची बंगई

सिकंदराबादला तारनाक्याच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात निकाळजे टीचरांनी माझी तुळस जप्त केली. सकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पदर कमरेला खोचलेली एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई समोर उभी. नाव नाही, ओळख नाही. "तुझ्या बाल्कनीच्या कठड्यावर कुंडी आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. तशा त्या सरळ आत आल्या, कुंडी काखेत मारली आणि कठड्याला जाळी बसली की घेऊन जा, असं सांगून वरच्या मजल्यावर चालत्या झाल्या. मी हातात चहाचं गाळणं घेऊन उभीच.

जाळी बसवून कुंडी सोडवायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला आणि चहाबरोबर पहिला धडा दिला. तिसऱ्या मजल्यावर ठेवलेली कुंडी ही नुसती कुंडी नसते म्हणे. तिला वर चढवायला जो जोर लागला तो तिच्यात साठून असतो आणि बाहेर पडायला निमित्त शोधत असतो. "कठड्यावर बसली आहे तोवर स्थितिज ऊर्जा. सुटली की गतिज. खालून जाणाऱ्याच्या डोक्याला दोन्हींतला फरक समजावून सांगायला वेळ मिळत नाही." आमचे पणजोबा इथल्या कचेरीत, आजोबा वकील, घरात बोलणाऱ्यांचा तोटा कधीच नव्हता, पण कुंडीची अशी बाजू कोणी मांडली नव्हती. मी दुसरा कप मागून घेतला.

टीचरांचे वडील परभणीकडून येऊन सिकंदराबादला रेल्वेत लागले होते. टीचर इथेच शिकल्या आणि शहरातल्या एका मराठी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून रिटायर झाल्या. शाळेत पोरं कमी होत गेली, तुकड्या एकत्र झाल्या, पण टीचरांचं शिकवणं काही सुटलं नाही. वर्ग तेवढा बदलला. आता वर्गात आम्ही होतो. मी, वॉचमन, दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करायला येऊन ती न करताच जाणारा माणूस. सगळे त्यांना टीचरच म्हणत. बुद्धपौर्णिमेला त्या सगळ्या बिल्डिंगला खीर वाटत, आणि खिरीबरोबर जिन्यात सिलिंडर उभा ठेवण्याबद्दल चार शब्दही.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर खरं त्या एका वर्षाबद्दल लिहायला हवं. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना पुन्हा पायांवर उभं करायचंच असं टीचरांनी ठरवलं, ते वर्ष. पण त्या वर्षी त्यांच्या हातून जे झालं ते कळायला आधीच्या टीचर ठाऊक असायला हव्यात, म्हणून जरा मागून सांगते.

टीचरांना रस्त्यावर दुकानं, माणसं वगैरे दिसतच नसत. त्यांना दिसे ते फक्त काय पडेल, काय घसरेल आणि काय कशावर आदळेल. उतारावर लावलेली स्कूटर दिसली की पायानं विटेचा तुकडा ढकलत नेऊन त्या चाकाखाली सारत, मग स्कूटर कोणाची का असेना. गच्चीवरच्या टाकीकडे बघून म्हणत, मोटरीनं सकाळी केलेलं काम वर साठवून ठेवलंय, नळ सोडला की तेच परत मिळतं. आमच्या गल्लीला चांगलाच उतार होता आणि शेवटी मोठा रस्ता, त्यामुळे टीचरांना काळजीला काही कमी नव्हतं.

काका रेल्वेच्या हिशोबाच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. उंच, शांत, बाल्कनीत खुर्ची टाकून पेपर वाचणारे. टीचर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरात दोन्ही ऊर्जा आहेत. मी गतिज, आमचे हे स्थितिज." काका पेपर खाली न घेता म्हणत, "पण चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं कोणी, ते पण विचार." हा संवाद मी इतक्यांदा ऐकला की मला दोघांच्याही वाक्यांची वेळ पाठ झाली होती. तरी दर वेळी हसू यायचंच.

एकदा आम्ही दोघी सुलतान बाजारला निघालो. ऑटोवाला तरुण होता आणि बसच्या नि फुटपाथच्या मधून अशी काही गाडी काढत होता की मी डोळे मिटून घेतले. टीचर मात्र पुढे वाकून त्याला हिशोब समजावू लागल्या. "भैया, स्पीड डबल करे तो मार चारगुना बैठता." तो आरशात बघून म्हणाला, "पर मीटर तो उत्ताच पडता अम्मा." टीचर मनापासून हसल्या, पण हरल्या नाहीत. पार उतरेपर्यंत त्याला भिंत, ब्रेक, ओली सडक असं सगळं ऐकवलं. उतरल्यावर त्यानंच विचारलं, तीन गुना केला तर? "नौ गुना," टीचर म्हणाल्या. "नक्को फिर," म्हणून तो अगदी सावकाश निघाला, कोपऱ्यापर्यंत तरी.

हे नुसतं बोलणं होतं असं कोणाला वाटेल, तर यादगिरीची गोष्ट सांगते. यादगिरी आमच्या गल्लीचा भाजीवाला. त्याच्या हातगाडीच्या चाकाखाली दगड आहे की नाही हे बघितल्याशिवाय टीचर भेंडीला हात लावत नसत. "पहले पत्थर लगा, बाद में तौल," हे त्यांचं रोजचं. एका सकाळी दगड राहिला. गाडी हलली, हळूहळू निघाली आणि बघता बघता पळायला लागली. खाली मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी शाळेच्या बसची पोरं उभी. यादगिरी धावत पुढे गेला आणि गाडीला छातीनं अडवायला वळला. टीचर ओरडल्या, "सामने नक्को, बाजू हट!" तो दचकून बाजूला झाला. टीचर तोवर पदर सांभाळत गाडीच्या कडेनं पळत होत्या. साठी केव्हाच उलटलेली बाई. त्यांनी दांड्याचं एक टोक धरलं आणि गाडी थांबवायचा काडीचा प्रयत्न न करता नुसती वळवली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाकडे. चाकं वाळूत रुतली, टमाटे उडाले, टीचर ढिगावर आडव्या.

आम्ही धावलो तेव्हा त्या केसांतली वाळू झटकत यादगिरीला शिकवत होत्या. पळत्या गाडीसमोर उभं राहायचं नसतं, तिचा जोर कुठंतरी जिरू द्यायचा असतो. यादगिरी रडत होता, त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. संध्याकाळी फुटक्या टमाट्यांची चटणी सगळ्या बिल्डिंगला आली. काकांनी मात्र त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. मला म्हणाले, हिला वाळू दिसली, पण जरा पुढं दगडांचा ढीग होता तो दिसला होता का, विचार.

दिसला असणारच. टीचरांचा विज्ञानाच्या नियमांवर जो भरवसा होता तो माणसांवरही नव्हता. त्यांचा एक जुना विद्यार्थी मी नोकरीला होते त्या बँकेत खात्याच्या कामाला यायचा, त्यानं मला वर्गातली एक हकिकत सांगितली. टीचरांनी बेगम बाजारातून तराजूचं एक मोठं लोखंडी वजन आणलं, ते दोरीनं वर्गाच्या तुळईला टांगलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. वजन नाकाला टेकेल एवढं ओढून घेतलं आणि सोडून दिलं. ते भल्या मोठ्या झोक्यानं पलीकडे गेलं आणि तसंच परत आलं, थेट तोंडावर. मुलींनी डोळे झाकले. वजन नाकाच्या अलीकडे थबकलं आणि मागे फिरलं. टीचरांची पापणीही हलली नव्हती. जेवढं दिलं त्यापेक्षा जास्त ते परत आणू शकत नाही, मग घाबरायचं कशाला, असं त्यांनी विचारलं. "मॅडम, आम्ही आजपण घाबरतो," तो मला म्हणाला.

अशा या टीचर. आणि एका उन्हाळ्यात सकाळी काका बाथरूममधून बाहेर येताना कोसळले.

डावी बाजू गेली होती. दवाखाना झाला, घरी आले, बोलणं जड होतं तेही हळूहळू सुधारलं. पण काका बोलेनात. व्यायाम शिकवायला एक तेलुगू मुलगी घरी यायची. ती म्हणायची, पायात जीव आहे, पण त्यांनी स्वतः जमिनीला पाय रेटायला हवा, ते काम दुसरं कोणी करून देऊ शकत नाही. डॉक्टरांनी टीचरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पहिले काही महिने काय ते महत्त्वाचे, त्यानंतर पाय परत येणं अवघड. आणि काका तर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. पेपरसुद्धा उघडत नव्हते.

त्या दिवसांत एकदा टीचर मला जिन्यात पायरीवर बसलेल्या दिसल्या. मी शेजारी बसले. "अनघा, ते आधी पण बसूनच असायचे गं," त्या म्हणाल्या. "पण ते बसणं येगळं होतं. हे मला बघवत नाही." मी त्यांचा हात धरला. मला त्यांची इतकी माया तोवर कधी आली नव्हती.

दोनच दिवसांत टीचर उठल्या त्या योजना घेऊनच. घरात झोपाळा टांगायचा. त्यांच्याकडे त्याला बंगई म्हणतात. सुताराकडून फळी करून घेतली, बेगम बाजारातून साखळ्या आणल्या. छताची कडी आधी तांदळाच्या पोत्यांनी पारखली, मग आमच्या जाडजूड वॉचमनला बसवून. तो बिचारा उतरायला तयार नव्हता. टीचरांनी मला सगळं समजावलं. झोका वाढवायला ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. परतीच्या टोकाला नुसतं बोट लावलं, दर वेळी लावलं, तरी थोडं थोडं साठत झोका मोठा होतो. "आमच्या यांच्या पायात बोटाएवढी ताकद आहेच की. मला तेवढीच पाहिजे." त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक होती. मला वाटलं, झालं काम.

पहिल्या संध्याकाळी काकांना बंगईवर बसवलं. पडू नयेत म्हणून जुन्या साडीनं कमरेला बांधलं, पाय जमिनीला टेकवले आणि आम्ही वाट बघू लागलो. काका नुसते बसून राहिले. टीचरांना वाट बघणं हा प्रकार येतच नव्हता. "सुरुवात मी करून देते," म्हणाल्या आणि मागून झोका दिला. मग ते रोजचंच झालं. टीचर मागे उभ्या, झोका देतायत, "आता पाय. आता पाय." काकांचे पाय फळीबरोबर लोंबत जायचे आणि यायचे. उजव्या हातानं साखळी इतकी घट्ट धरलेली असायची की बोटं पांढरी पडायची. आम्ही सगळे शेजारी कौतुकानं बघत होतो. ती बोटं दिसत होती सगळ्यांना, पण त्यांच्याकडे बघितलं कोणीच नाही.

आठवडाभरानं टीचरांनी झोका जरा वाढवला. काकांनी डोळे मिटून घेतले. "घाबरायलेत कायकू? अगदी वर गेल्यावर तर गती शून्य असते," टीचर म्हणाल्या.

"शांता, मला उतरव."

झटक्यानंतर इतकं स्वच्छ बोललेलं मी ऐकलं नव्हतं. टीचरांनी बंगई धरली, कमरेची साडी सोडली, आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवलं. काका बराच वेळ दम खात होते. मग म्हणाले, "मी काय तुझं वर्गातलं वजन आहे का? मला पडायची भीती वाटते गं. सारखी वाटते."

थोड्या वेळानं टीचर खाली आमच्याकडे आल्या आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी कणीक मळत होते. "मी सगळं हिशोबात धरलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांचं वजन, साखळी, कडी. ते एकदा पडलेत, हे धरलंच नाही." आणि त्या रडल्या. सगळ्या गल्लीला काय कुठून पडेल हे सांगणारी बाई, आणि घरात पडलेला माणूस रोज झोक्यावर काय सोसतो ते तिला दिसलं नाही. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगते. आम्हाला तरी कुठं दिसलं होतं.

मला वाटलं, आता बंगई उतरणार. ती उतरली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून टीचर संध्याकाळी तिच्यावर स्वतः जाऊन बसायला लागल्या. मेथी निवडत, शेंगा सोलत. काकांना एकदाच म्हणाल्या, वाटलं तर सांगा, बसवते शेजारी, नाही वाटलं तर राहू द्या. त्यानंतर विषय नाही. किती दिवस गेले कोण जाणे, माझी आशा सुटली होती. मग एकदा वर गेले तर काका बंगईवर टीचरांच्या शेजारी बसलेले, मांडीवर पेपर. त्यांनीच सांगितलं होतं म्हणे, मला तिकडं बसव. बंगई मात्र एकदम स्थिर. आणि टीचर पाय वर घेऊन, फळीवर मांडी घालून बसलेल्या. गुडघे दुखत असताना अशा का बसल्यात म्हणून मी विचारलं, तर हळूच म्हणाल्या, "पाय टेकले की माझ्याच्यानं राहवत नाही. आपोआप रेटले जातात."

तशाच बसायच्या त्या, रोज. घराघरांत माणसं असतात, ती एकमेकांसाठी बरंच काही करतात. पण टीचरांसारख्या बाईनं काहीच न करता बसायचं, ही मला त्यांतली सगळ्यात कठीण गोष्ट वाटते. व्यायामाची मुलगी अधूनमधून आठवण करून द्यायची की दिवस चाललेत. टीचर मान हलवायच्या आणि मांडी घालून बसायच्या. त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

एके दिवशी मी त्यांचं पातेलं परत द्यायला वर गेले. दोघं बंगईवर. काकांच्या हातात उघडा पेपर, टीचरांच्या पुढ्यात मेथीची जुडी. आणि बंगई हलत होती. इतकी थोडी, की आधी मला पंख्याचा वारा वाटला. टीचरांकडे बघितलं तर त्या खाली मान घालून मेथी निवडत होत्या, पण हातात एकच काडी होती आणि तिला केव्हाच पानं उरली नव्हती. मग मी काकांचे पाय बघितले. उजवा नुसता टेकलेला. डाव्याचा अंगठा जमिनीला लागायचा, पावलाचा पुढचा भाग दबायचा, टाच उचलायची. पुन्हा दबायचा. पेपरमागून काही आवाज नाही. मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि निघाले. टीचर दारापर्यंत आल्या.

"दिसलं का तुला?"

"दिसलं."

"कोणाला बोलू नको," त्या कुजबुजल्या. "त्यांना कळलं आपण बघायलाव, तर थांबतील." डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसतही नव्हत्या.

काका पूर्वीसारखे झाले नाहीत. पण पावसाळा संपता संपता ते वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जायला लागले, थंडीत काठी घेऊन खाली फाटकापर्यंत. यादगिरीनं त्यांना बघितलं तेव्हा तो गाडी सोडून पळत आला आणि टीचर त्याच्या गाडीच्या चाकाखाली सारायला दगड शोधायला लागल्या. पेपरही परत आला, त्यामागची बोलणीही. व्यायामाच्या मुलीनं आता माझी गरज नाही म्हटलं, त्या दिवशी टीचरांनी तिला साडी नेसवली.

पुढच्या वर्षी माझी विशाखापट्टणमला बदली झाली. सामान गेलं, घर रिकामं झालं, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं. दुपारी मी टीचरांचा निरोप घ्यायला वर गेले. काय बोलायचं ते जिना चढताना ठरवत होते, आणि रडायचं नाही हेही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंख्याचा आवाज आणि साखळीची बारीक कुरकुर. टीचर बंगईवर झोपल्या होत्या. बसल्या बसल्याच झोप लागली असणार. डोकं काकांच्या डाव्या खांद्यावर कललेलं, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड थोडं उघडं. काका डाव्या पायानं बंगईला सावकाश झोका देत होते, टीचरांची झोप मोडणार नाही इतका.

मला बघून त्यांनी उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"झोपू दे तिला," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "संध्याकाळी ये."

संध्याकाळी माझी गाडी होती. मी मान हलवली आणि दार परत लोटून घेतलं.